दुसरी होडी पाण्यात उतरेपर्यंत: गंगापूर जलाशयावरील आमच्या मंडळाच्या पहिल्या सात महिन्यांच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज आठ जण जमलो आणि लहान होड्यांतून भटकंती करणारे मंडळ नाशिकमध्ये काढायचे ठरले. शर्यती लावायच्या नाहीत आणि इंजिन वापरायचे नाही. शीड आणि वल्ही यांच्या बळावर जलाशयाच्या एका काठावरून निघायचे, दुसऱ्या काठावर मुक्काम करायचा आणि सगळ्यांनी मिळून परत यायचे, एवढाच हेतू आहे. ब्रिटनमध्ये अशा भटकंतीसाठी १९५५ पासून स्वतंत्र संघटना आहे आणि त्याच परंपरेतल्या फ्रँक डाय यांनी १९६३ साली पाच मीटरांहूनही कमी लांबीच्या उघड्या होडीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले होते. आमची झेप तेवढी नाही. गंगावऱ्हे ते सावरगाव परिसरातला काठ आम्हाला पुरेसा आहे.

नाशिकला समुद्र कुठे आहे, असे घरोघरी विचारले गेले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या दुष्काळी गावातला दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवायला उतरला होता, हे उत्तर बहुतेकांना पटले.

गंगापूर धरण मातीचे असून त्याची सध्याची साठवण क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट मानली जाते. कश्यपी आणि गौतमी या वरच्या दोन धरणांचे पाणी याच जलाशयात उतरते आणि नाशिक शहर हेच पाणी पिते. त्यामुळे पेट्रोल, साबण आणि खरकटे पाण्यात जाणार नाही, हा नियम होडी बांधण्याआधीच वहीत लिहून ठेवला. परवानगीचा अर्ज करण्याचे काम आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांनी घेतले. प्रत्येकी ४,००० रुपये काढून ३२,००० रुपये जमा केले. आधी एक होडी बांधून पाहायची आणि ती जमली तर दुसरी, असे ठरले. हा क्रम चुकीचा होता, हे फेब्रुवारीत कळले.

१२ ऑक्टोबर, दसरा

सातपूरमधल्या एका सदस्याच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा केली. रंधा, पटाशी, ड्रिल मशीन आणि बारा सी-क्लॅम्प मांडले. वॉटरप्रूफ म्हणून मिळालेल्या ६ मिलिमीटर प्लायवूडच्या चार शीट आणल्या, ५,४०० रुपये पडले.

१५ ऑक्टोबर

आमच्याबरोबर काम करणाऱ्या सुतारकाकांनी शीटचा हातभर तुकडा कापून दिला आणि म्हणाले, "घरी नेऊन उकळून बघा, मग बोलू." सागरी प्लायवूडचे मानक आयएस ७१० आहे आणि त्यात नमुना ७२ तास उकळून तपासतात. आमचा तुकडा चौथ्या तासाला थर सोडू लागला आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत हाताने सोलता येत होता. शीट कापून झालेल्या असल्याने परत करता आल्या नाहीत. त्यांचे आकाराचे साचे केले, म्हणून त्या अगदीच वाया गेल्या नाहीत, परंतु पैसे गेले ते गेलेच. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांनी पहिली शीट घेताच तुकडा उकळावा आणि त्यानंतरच उरलेल्या घ्याव्यात.

२७ ऑक्टोबर

आयएस ७१०चा शिक्का असलेल्या चार शीट आणल्या, ९,४०० रुपये. या वेळी तुकडा आठ तास उकळला आणि तो तसाच राहिला.

१० नोव्हेंबर

होडी ३.६ मीटर लांब आहे आणि शीट आठ फुटांची, म्हणजे २.४४ मीटरची. त्यामुळे दोन शीट टोकाला टोक जोडाव्या लागतात. दोन्ही टोके तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची असतात आणि उतार जाडीच्या किमान आठपट लांब ठेवायचा असतो. ६ मिलिमीटरच्या शीटला ४८ मिलिमीटर. आम्ही घाईत ३० मिलिमीटर ठेवला. सांधा टेबलावर उत्तम दिसत होता. आज बाजूची फळी नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, वाकवताना तो कडकन उघडला. चारही सांधे कापून काढावे लागले आणि तेवढ्यामुळे होडी ठरल्यापेक्षा सात सेंटिमीटर आखूड झाली. दिवाळीच्या सुट्टीतले तीन दिवस याच कामात गेले.

नवे उतार तासण्यासाठी सुतारकाकांनी सगळ्या शीट पायऱ्यांसारख्या एकावर एक सरकवून ठेवल्या आणि एकाच रंध्याने सगळ्यांचा उतार एका दमात उतरवला. प्लायवूडचे थर पट्ट्यांसारखे दिसतात. त्या पट्ट्या सरळ आणि समांतर आल्या की उतार बरोबर आला असे समजावे.

२४ नोव्हेंबर

होडी शिवली. फळ्यांच्या कडांना दर १५ सेंटिमीटरवर भोके पाडून तांब्याच्या तारेने टाके घालायचे आणि आतून सांध्यात रेझिन व लाकडाचा भुसा यांचा लगदा भरायचा, अशी ही पद्धत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी आखलेल्या ‘मिरर’ या होडीमुळे ती ब्रिटनमध्ये हौशी लोकांच्या घरापर्यंत पोहोचली. सुतारकामाचा फारसा अनुभव नसलेल्यांना ती जमते, म्हणूनच आम्ही ती निवडली.

टाके घालून झाल्यावर सगळ्यांना होडी सुरेख वाटली. सुतारकाकांनी मात्र नाळेवर आणि मागच्या फळीवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली, मागे जाऊन एक डोळा मिटला आणि पीळ दाखवला. दोन पट्ट्यांत १८ मिलिमीटरचा फरक होता. लगदा भरल्यानंतर हा पीळ कायमचा झाला असता आणि होडी जन्मभर एका अंगाला ओढत राहिली असती. सहा टाके सैल करून एका कोपऱ्याखाली पाचर दिली, तेव्हा फरक २ मिलिमीटरवर आला.

८ डिसेंबर

श्रमांचा हिशेब केला तर या नोंदींतली सर्वांत महागडी चूक ही. आमच्या रेझिनला ते पक्के होण्यासाठी १०० भागांस १० भाग हार्डनर लागतो आणि हे प्रमाण वजनाचे आहे. आम्ही ते चमच्याने, म्हणजे आकारमानाने मोजले. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्यामुळे हार्डनर कमी पडला. डाव्या बाजूचा पूर्ण सांधा आणि तळावरची काचतंतूंच्या कापडाची पट्टी चार दिवसांनंतरही बोटाला चिकटत होती. आणखी हार्डनर वरून चोपडून काम भागेल, असे एकाने सुचवले आणि आम्ही ते करूनही पाहिले. काही उपयोग झाला नाही, कारण आत कच्चे राहिलेले रेझिन वरून लावलेल्या थराने पक्के होत नाही.

अखेरीस गरम हवेच्या गनने रेझिन मऊ करून पटाशीने खरवडून काढले. तीन किलो रेझिन आणि पाच जणांचे दोन रविवार गेले. आता बारीक वजन मोजणारा सोनारकाटा विकत घेतला आहे आणि मिश्रण एकाच माणसाने करायचे, दुसऱ्याने वजन मोठ्याने वाचायचे, अशी पद्धत ठेवली आहे. एका वेळी ३०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवायचे नाही, हेही ठरले. अर्धा किलोचा डबा हातात तापून धुरावला, तेव्हा हा धडा मिळाला. कालवलेले मिश्रण लगेच पसरट ताटलीत ओतले की ते कमी तापते.

२९ डिसेंबर

पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली आहे आणि रेझिन पक्के व्हायला तिप्पट वेळ घेत आहे. होडीवर ताडपत्रीचा तंबू करून आत २०० वॅटचे दोन दिवे लावले. शेडमध्ये आळीपाळीने रात्री झोपलो, कारण लाकडाचा भुसा आणि तापलेला दिवा यांना एकटे सोडणे योग्य नव्हते.

परवानगीचा अर्ज आज दुसऱ्यांदा परत आला. त्यात होडी कुठून उतरवणार याचा नकाशा जोडलेला नव्हता. चूक आमचीच होती. गुरुजींनी स्वतः काठावर जाऊन पावलांनी अंतरे मोजली आणि नकाशा काढला.

१२ जानेवारी २०२५

शीड शिवायला कोण देईल, हा प्रश्न महिनाभर अडला होता. ते शेवटी मंडपवाल्याने शिवले. त्याच्या यंत्रातून जाड कापड सहज जाते आणि कडेला दोर घालून शिवणे हे त्याचे रोजचे काम आहे. नाशिकच्या भद्रकाली भागातून दोर आणला, ताडपत्री जाड घेतली, शिलाईसह १,८५० रुपये झाले. शीड चौकोनी असून साडेसहा चौरस मीटरचे आहे. डोलकाठी बांबूची आहे. तिच्या वरच्या अर्ध्या भागातल्या पेरांना भोक न पाडता त्या तशाच बंद ठेवल्या, म्हणजे होडी आडवी झाली तरी काठी तरंगत राहते.

२६ जानेवारी

परवानगी मिळाली आहे: फक्त दिवसा, इंजिनाशिवाय, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि धरणाच्या भिंतीपासून दूर. छोटा हत्तीतून होडी काठावर आणली, भाडे ९०० रुपये. वजन ७१ किलो भरले. ‘मिरर’ याहून थोडी आखूड, तिचे वजन ४५ किलोच्या आसपास असते. आमच्याकडे रेझिन जास्त वापरले गेले आणि आतली लाकडे जाड घेतली, याचा हा परिणाम आहे.

नारळ फोडून होडी पाण्यात ढकलली आणि दहा मिनिटांत घोटाभर पाणी आत आले. तळातून खाली सरकणाऱ्या फळीसाठी जी उभी पेटी असते, तिचा तळाशी असलेला सांधा गळत होता. ही चाचणी जमिनीवरच करता आली असती: पेटीचे खालचे तोंड टेपने बंद करून तिच्यात पाणी भरायचे आणि बाहेर कुठे ओल येते ते पाहायचे. आम्ही ती नंतर केली.

शीडही मनासारखे चालले नाही. चारही कडा सरळ रेषेत कापल्यामुळे ते पाटासारखे सपाट राहिले, फडफडले आणि वाऱ्याकडे तोंड करून होडी पुढे सरकेना. शिडाला पोट हवे. तीन मीटरच्या कडेला मध्यभागी सहा सेंटिमीटरचा बाहेरचा बाक देऊन ती कड सरळ वाशाला बांधली, म्हणजे जास्तीचे कापड आपोआप आत सरकून पोट तयार होते. मंडपवाल्याला हे एकदाच सांगावे लागले. त्याला कापडाची समज आमच्यापेक्षा जास्त आहे.

२ फेब्रुवारी

काठाजवळ, छातीभर पाण्यात, होडी मुद्दाम उलटवण्याचा सराव केला. हा सराव लांबणीवर टाकावा असे दोघांचे म्हणणे होते. तो आजच झाला, याचे मला फार समाधान आहे.

होडी बुडू नये म्हणून बसण्याच्या फळ्यांखाली वीस लिटरचे सहा रिकामे कॅन नायलॉनच्या पट्ट्यांनी बांधले होते. प्रत्येक कॅन सुमारे वीस किलो उचलतो, म्हणजे कागदावर १२० किलोची उचल होती. होडी आडवी झाली, पाणी भरले आणि अर्ध्या मिनिटात चार कॅन सुटून वाऱ्याबरोबर निघून गेले. भिजलेले नायलॉन ताणले जाते, त्यामुळे कोरडे असताना घट्ट वाटलेले बंध सैल झाले होते. उरलेले दोन कॅन मागच्या बाजूला होते. नाळ खाली गेली आणि होडी उभ्या बाटलीसारखी तरंगू लागली. अशा होडीतून पाणी उपसता येत नाही, कारण जेवढे उपसावे तेवढे नाळेवरून परत आत येते. चौघांनी ओढून ती काठावर आणली.

दुपारी कॅन पुन्हा बसवले, परंतु आता त्यांच्यावर लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळल्या आणि सहाही कॅन नाळ व मागची बाजू यांत सारखे वाटले. दुसऱ्या खेपेला होडी आडवी पाण्यावर राहिली. एकाने तळातून बाहेर आलेल्या फळीवर उभे राहून तिला सरळ केले. आमच्यातल्या परिचारिका ताईंना आत चढायला जमेना, कारण काठ उंच आहे आणि लाइफ जॅकेट मध्ये येते. मागच्या फळीवरून सोडलेल्या दोराला पायासाठी फास केल्यावर त्या चढल्या. प्रत्येकाने एकट्याने चढून दाखवल्याशिवाय पाण्यात खोल जायचे नाही, असा नियम झाला. सरावाला पूर्ण दिवस गेला.

९ फेब्रुवारी

आज जे घडले ते शक्य तितके जसेच्या तसे लिहितो.

मी आणि एक तरुण सदस्य असे दोघे होडीत होतो आणि बाकीचे काठावर होते. साडेबाराच्या सुमारास पश्चिमेचा वारा अचानक वाढला. नकाशावर पाहिले तर लक्षात येईल की गोदावरी पश्चिमेकडून येते आणि धरणाची भिंत पूर्वेला आहे. म्हणजे नाशिकचा नेहमीचा दुपारचा वारा माणसाला नेमका जिथे जायचे नाही तिकडेच ढकलतो. शीड उतरवून वल्हवायला घेतले आणि तिसऱ्या ओढीला डाव्या वल्ह्याची खुंटी तुटली. ती साध्या पाइनच्या लाकडाची होती आणि जास्तीची खुंटी आम्ही बरोबर घेतली नव्हती.

एका वल्ह्यावर होडी गोल फिरू लागली. त्यातच सुकाणू मासेमारीच्या जाळ्यात अडकले. खरे तर त्या जाळ्याने आम्हाला धरून ठेवले होते. घाबरून आम्ही चाकूने जाळे कापले आणि पुन्हा वाहू लागलो. काठावरच्या मित्रांना सगळे दिसत होते, परंतु त्यांच्याकडे दुसरी होडी नव्हती. जाळ्याचे मालक असलेले मामा आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावरून आले, दोर फेकला आणि आम्हाला उत्तरेच्या काठाला लावून दिले.

काठावर आल्यावर ते रागावले नाहीत. कापलेले जाळे हातात धरून एवढेच म्हणाले, "जाळं सोडून द्यायचं असतं भाऊ, कापायचं नसतं. सुकाणू वर उचललं असतं तर सुटलं असतं." नुकसानीचे १,५०० रुपये त्यांनी तिसऱ्यांदा विनवल्यावर घेतले. त्यांचे दोन दिवस जाळे दुरुस्त करण्यात गेले, ते पैशांनी भरून आले असे मला वाटत नाही.

संध्याकाळी बैठक झाली. दुसरी होडी पाण्यात असल्याशिवाय पहिली होडी काठापासून शंभर मीटरपुढे जाणार नाही, असे एकमताने ठरले. आपण मंडळ काढले म्हणतो, परंतु एकाच होडीत दोघे आणि काठावर सहा पाहणारे, याला मंडळ म्हणता येत नाही. अडचणीत एकमेकांच्या उपयोगी पडता येईल एवढी तरी जुळणी हवी. भटकंतीचे सगळे बेत पुढे ढकलले आणि राहिलेला सगळा पैसा व वेळ दुसऱ्या होडीला लावायचे ठरले. संस्थेच्या नोंदणीची चर्चाही तूर्त बाजूला ठेवली.

१६ फेब्रुवारी ते १६ मार्च

दुसरी होडी पाच रविवारांत उभी राहिली. साचे तयार होते, सांध्याचा उतार माहीत होता, रेझिन काट्यावर मोजले जात होते आणि थंडीही ओसरली होती. पहिल्या होडीला सगळ्यांचे मिळून अंदाजे ३१० तास लागले, दुसरीला १७०.

काही गोष्टी बदलल्या. कॅनऐवजी नाळेत आणि मागे प्लायवूडचे बंद कप्पे केले आणि त्यांना हात जाईल एवढी फिरकीची झाकणे बसवली, म्हणजे आत गळती झाली तर कळते. वल्ह्यांच्या खुंट्या बाभळीच्या केल्या आणि चार जास्तीच्या खुंट्या प्रत्येक होडीत दोरीने बांधून ठेवल्या. सुकाणूचे पाते बिजागरीवर बसवले, जाळे किंवा गाळ लागला की ते दोरीने वर उचलता येते. हा बदल मामांच्या एका वाक्यातून आला. आतली लाकडे बारीक घेतली. वजन ५८ किलो भरले.

एक चूक मात्र नव्याने केली. बंद कप्प्यांना आतून रेझिन न लावता झाकण चिकटवून टाकले. आत ओल धरली तर लाकूड कुजेल, म्हणून मागचा कप्पा पुन्हा उघडावा लागला. नाळेच्या कप्प्यात झाकणातून हात घालून ब्रशने जमेल तेवढे लावले. तो भाग पावसाळ्यानंतर उघडून पाहावा लागेल.

१९ मार्च, रंगपंचमी

रंगाचा दुसरा हात आज द्यायचा होता. शहरात रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जुने हौद, उघडल्या होत्या आणि शेडकडे कोणी फिरकले नाही. काम झाले नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

दुसरी होडी पाण्यात उतरली. पाणी जानेवारीच्या मानाने बरेच मागे गेले आहे आणि पूर्वीची उतरण्याची जागा आता पाण्यापासून चाळीस मीटर दूर आहे. मधल्या गाळात दोघे मांडीपर्यंत रुतले आणि होडी तिथेच राहिली. वर ढेकळांसारखा दिसणारा गाळ आत लोण्यासारखा असतो. अखेर पहिल्या, वाया गेलेल्या प्लायवूडचे साचे आणून गाळावर अंथरले आणि त्यांच्यावरून होडी सरकवली. पावणेदोन तास लागले. ज्यांना उन्हाळ्यात जलाशयावर उतरायचे आहे त्यांनी दर पंधरा दिवसांनी जागा आधी पायी पाहून यावी आणि शक्यतो मुरमाड किंवा खडकाळ उतार निवडावा.

दोन्ही होड्या शेजारी शेजारी चालताना पाहून गुरुजी काठावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

६ एप्रिल

दोन होड्यांची पहिली दिवसभराची सफर झाली. दहा वाजता निघून पश्चिमेला चार किलोमीटरवरचा काठ गाठायचा होता. अकरानंतर समोरून वारा आला. सपाट तळाची होडी वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चालवताना जेवढी पुढे जाते त्यापेक्षा बाजूला जास्त घसरते. तीन तासांत आम्ही जेमतेम दीड किलोमीटर पुढे गेलो. पहिली होडी जड आहे आणि ती सतत मागे पडत होती. एक वाजता तिच्यातल्या दोघांनी वल्हे आडवे वर धरून ठरलेली खूण केली आणि दोन्ही होड्या वळल्या. नव्या होडीतल्या तरुणांना पुढे जायचे होते, परंतु मागच्या होडीने खूण केली की पुढच्या होडीने कारण न विचारता वळायचे, हा नियम त्यांनी पाळला. परतीचा तोच रस्ता वाऱ्याबरोबर बावीस मिनिटांत झाला.

वाऱ्याचे गणित मामांनी समजावून सांगितले. सकाळी पाणी निवांत असते तेव्हा वल्हवत पश्चिमेला जायचे आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला की त्याच्याबरोबर पूर्वेला यायचे. आमच्यासारख्या होड्यांना मुक्काम हा या जलाशयावर शौक नसून वाऱ्याची सोय आहे, हे तेव्हा उमगले.

१२ आणि १३ एप्रिल

सहा जण होड्यांत होते, एक जण आजारी पडल्यामुळे घरी राहिला आणि ताई काठावर वही घेऊन थांबल्या. वहीत प्रत्येकाचे नाव, निघण्याची वेळ, पोहोचल्याचा फोन कधी यायला हवा आणि तो न आल्यास कोणाला कळवायचे, हे लिहिले होते. मामांना आदल्या संध्याकाळी भेटून जाळी कुठे लावली आहेत ते विचारून घेतले.

सव्वासहाला निघालो. पाणी आरशासारखे होते आणि हनुमान जयंतीमुळे काठावरच्या गावांतून भोंग्यांचे आवाज येत होते. समोर अंजनेरीचा डोंगर हळूहळू उजळत गेला. दर वीस मिनिटांनी वल्हवणारा बदलला. जड होडीत तिघांपैकी ताकदीचे दोघे ठेवल्यामुळे दोन्ही होड्या बरोबर राहिल्या. साडेनऊला ठरलेल्या शेताच्या काठाला लागलो आणि ताईंना फोन केला.

शेतकरी काकांची परवानगी आठवड्यापूर्वीच घेतली होती. पाणी मागे गेल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत त्यांनी गाळपेर केली आहे आणि मका गुडघ्याएवढा आला आहे. होड्या बांधायची जागा त्यांनीच दाखवली आणि म्हणाले, "रान तुडवू नका आणि पाण्यात काही टाकू नका. खाली सगळं नाशिक पितंय." भांडी राखेने घासून ते पाणी काठापासून लांब, खड्ड्यात ओतले.

लहान गॅसची शेगडी वाऱ्यात टिकेना, म्हणून शीड आडोशाला उभे केले आणि त्याला ठिणगीने दोन भोके पडली. पिठले झाले, भाकऱ्या काकूंनी दिल्या. रात्री पौर्णिमेचे चांदणे होते. पाण्यावर जायचा मोह सगळ्यांनाच झाला. परवानगी दिवसाची आहे, म्हणून कोणी गेले नाही.

पहाटे उठून पाहिले तर होड्या आणि पाणी यांच्यात सुमारे दीड मीटरचा गाळ होता. रोज पाणी उपसले जाते आणि सपाट उतारावर दोन बोटे पातळी उतरली तरी काठ बराच मागे सरकतो. होड्या रात्री पाण्यातच, नाळेकडून नांगर आणि मागून काठावरच्या खुंट्याला दोर, अशा दोन्हीकडून बांधून ठेवायला हव्यात.

अकरा वाजता वारा सुटला. तो वाढताना दिसला तेव्हा दोन्ही होड्यांनी काठावरच शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधला, पाण्यात गेल्यावर नाही. नवी होडी पुढे पळू लागली. तिने दोनदा शीड सोडून जुनीची वाट पाहिली. भिंतीकडे जाणाऱ्या पाण्यापासून दूर राहण्यासाठी उत्तरेचा काठ धरून आलो आणि एक वाजून दहा मिनिटांनी सहाही जण उतरलो. ताईंनी वहीत सहा नावांपुढे वेळ लिहिली.

२७ एप्रिल

हिशेब पूर्ण केला. पहिली होडी ३६,२८० रुपये, त्यातले ७,५६० रुपये चुकीच्या प्लायवूडचे आणि वाया गेलेल्या रेझिनचे. दुसरी होडी २६,४३० रुपये. आठ लाइफ जॅकेट ११,६०० रुपये, छोटा हत्तीच्या नऊ खेपा ८,१०० रुपये, जाळ्याची भरपाई १,५०० रुपये. एकूण ८३,९१० रुपये झाले, म्हणजे प्रत्येकी १०,४९० रुपयांच्या आसपास. सुतारकाकांनी मजुरी घेतली नाही. ते आता नववे सदस्य आहेत.

होड्या शेडमध्ये उपड्या ठेवल्या आहेत. शिडाची दोन भोके मंडपवाल्याकडे दिली आहेत. पहिल्या होडीच्या सुकाणूला बिजागरी बसवायची आहे आणि दोन्ही होड्यांसाठी नांगर करायचे आहेत. मामांचा मुलगा परवा शेडमध्ये आला होता. तिसऱ्या होडीसाठी त्याने एक शीट आणून ठेवली आहे आणि तिचा तुकडा सध्या आमच्या घरी उकळतो आहे.